गाडीसाठी राखलेला हंडा

फोनवर बोलताना माझ्या तोंडून एक अक्षर गळालं. सासऱ्यांना सांगायचं होतं की आमची जुनी व्हॅन आता पाण्यावरही चालते. मी म्हणालो, "मामा, गाडी पाण्यावर चालते." 'ही' राहिला. खरं तर राहिला नाही, मी राहू दिला. जावई म्हणून कौतुक व्हावं असे प्रसंग माझ्या वाट्याला फार आलेले नाहीत.

प्रकार असा होता. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी बायकोची लोणच्याची बरणी उचलली. तिच्यात स्टीलच्या पट्ट्या बसवल्या, पाण्यात चिमूटभर कॉस्टिक सोडा टाकला आणि बॅटरीच्या वायरी जोडल्या. पट्ट्यांवर बुडबुडे आले. पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघत होते. तो वायू नळीनं इंजिनात सोडला की पेट्रोल कमी लागतं, असं व्हिडिओतला माणूस शपथेवर सांगत होता. आता, बुडबुड्यांना लागणारी वीज इंजिनच देणार, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालायचं आणि मध्ये थोडं सांडायचं, एवढं मलाही कळत होतं. पण बुडबुडे फार देखणे होते हो! बरणी बॉनेटखाली बसली. बायको एवढंच म्हणाली, "गेली ना माझी बरणी?"

उन्हाळ्यात आम्ही तिच्या माहेरी गेलो. पाथर्डीच्या पुढचं गाव, मार्च सरला की टँकरवर जगणारं. नगरच्या घरात नळ सोडून दाढी करणाऱ्या माझ्या डोक्यात ही गोष्ट वेळेवर यायला हवी होती. ती आली नाही.

गाडी थांबते न थांबते तोच सासऱ्यांनी बॉनेट उघडायला लावलं. शेजारची चार माणसं आधीच जमलेली. तेवढ्यात सासूबाई आतून भरलेला हंडा घेऊन आल्या, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं.

"पाव्हनं, ह्यो तुमच्या गाडीचा," सासरे म्हणाले. "टँकर आला तवाच बाजूला काढला. कुनाला हात लावू दिला न्हाई."

"हिनं तर डोईवरनं न्हानंबी फुडं ढकललंय," शेजारची म्हातारी हसत म्हणाली. "म्हनं, जावयाची गाडी लांबनं तान्हेली यील!"

सगळे हसले. मीही हसलो, पण नजर मोरीकडे गेली. मोरी कोरडी होती. तिच्या पाण्यावर जगणारं लिंबाचं झाड, माझ्या बायकोनं लग्नाआधी लावलेलं, पानं वळवून उभं होतं. बायकोनं झाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

माझ्या बरणीला तांब्याभर पाणी पुरायचं, तेही बॅटरीच्या दुकानातलं, क्षार काढलेलं. त्याची बाटली सीटखाली होती.

"मामा," मी धीर केला, "गाडी पेट्रोलवरच चालते. पाणी नुसतं जोडीला. हा हंडा आत न्या."

"मंग पान्यावर कसली?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि एक जण खुदकन हसला.

सासऱ्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "प्याट्रोल काय, समद्याच गाड्या पित्यात. आमच्या जावयाची पानीबी पिती. वता, पाव्हनं."

गळालेलं अक्षर म्हाताऱ्यानं माझ्यासाठी उचलून जागेवर लावलं होतं. आता नाही म्हणणं म्हणजे त्यांनाच चारचौघांत उघडं पाडणं. पण ओतू कुठं? बरणीत ते पाणी चालणार नव्हतं. शेवटी काच धुवायच्या पाण्याची टाकी उघडली आणि तिच्यात दोन तांबे ओतले. "झालं. भरलं पोट," मी म्हणालो.

"उरलं व्हय?" सासूबाईंनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता हंडा कमरेवर घेऊन त्या लगबगीनं आत गेल्या. ती लगबग मला अजून टोचते.

परतताना टेम्पोच्या धुळीनं काच भरली. सवयीनं माझा हात स्टिअरिंगजवळच्या दांड्याकडे गेला आणि दोन कारंजी उडाली. दोन तांब्यांतलं प्यायचं पाणी चिखल होऊन काचेवरून ओघळलं. मी दांडा सोडला, पण वायपर बिचारा इमानानं पुसत राहिला. बायको बाहेर बघत होती.

करंजीचा घाट लागला. मी म्हणालो, "घरी गेल्यावर ती बरणी आधी काढून टाकतो. पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी पाणी घेऊन येऊ."

"दादा घेणार नाहीत. लेकीच्या घरचं पाणी म्हणतील," ती वडिलांबद्दल म्हणाली. मग तिनंच तोड काढली, "कॅन भरून आणा. म्हणावं, गाडीसाठी आणलं होतं, उरलं. उरलेलं आई लगेच आत नेते, बघितलंत ना? आणि बरणी राहू द्या तिथंच. दादा बॉनेट उघडायला लावतील."