पेंढ्याच्या गठ्ठ्यांआड

त्या डिसेंबरात वाघोलीच्या पुढच्या माळावर असा गारठा पडला, की सकाळी बादलीत हात घातला तर बोटं बधिर व्हायची. नोकरी हिंजवडीत, पण शनिवार-रविवार मी तिथल्या एका छोट्या तबेल्यात मदतीला जायचे. तबेला सत्तरीतल्या एका काकांचा. चार घोडे, त्यातली म्हातारी घोडी माझी लाडकी.

तिला थंडी सोसत नव्हती. वारा लागू नये म्हणून शनिवारी संध्याकाळी मीच तिच्या खोलीत, दाराच्या बाजूला, पेंढ्याचे गठ्ठे रचले. काका म्हणाले, "जागा लई आवळली, ताई." मी ऐकलं नाही.

रविवारी सकाळी पोचले तर आतून भिंतीवर खूर आपटत होते. घोडी लोळायला गेली आणि अडकली होती. पाय समोरच्या भिंतीला टेकलेले, पाठीशी गठ्ठे. कुशीवर वळायला वीतभरही जागा नव्हती. मी घाईने आत शिरले. ती दचकून उसळली, गठ्ठे कोसळले आणि आत उघडणारं दार त्यांच्यामागे दाबलं गेलं.

मी तिच्या मानेशी, कोपऱ्यात. तिने एकदा मान झटकली असती तरी मी भिंतीवर आदळले असते.

"काका!"

खिडकीच्या गजांवरची ताडपत्री बाजूला झाली. काकांनी बाहेरून दार ढकलून पाहिलं. हललं नाही.

"पायाकडं जाऊ नगं. मानंमागंच ऱ्हा. बोलत ऱ्हा तिच्याशी."

"काय बोलू?"

"काय बी. तुझा आवाज वळखती ती."

मी यवतमाळच्या आमच्या घराबद्दल बोलत राहिले. घोडी धापा टाकत होती, डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता. मग काकांनी सांगितलं तसं मी एकेका गठ्ठ्याची सुतळी सोडून कवळाकवळाने पेंढा गजांतून बाहेर देऊ लागले. ते ओढून घेत. किती वेळ, कोण जाणे. मध्येच ती तडफडली, की मी भिंतीला चिकटून श्वास रोखायचे. एकदा वाटलं, आता ही माझ्या अंगावरच येते.

शेवटी तिच्या पाठीशी हातभर जागा झाली.

"आता आयाळ धर. वढ तुझ्याकडं, दमादमानं."

दोन्ही हातांनी आयाळ धरून मी ओढत राहिले. इंच-इंच करत तिचा पुढचा भाग सरकला. पुढचे पाय भिंतीपासून सुटले, तिने ते पसरले आणि एका हिसक्यात उभी राहिली. मी कोपऱ्यात अंग चोरून उभी. मग दाराजवळचे उरलेले गठ्ठे मी बाजूला ओढले आणि काकांनी बाहेरून दार ढकलून उघडलं, तेव्हा आधी तिला बाहेर सोडलं, मग मी आले.

घोडीच्या खुब्याला खरचटलं होतं, बाकी ती ठीक होती. कोमट पाणी ती बादलीभर प्यायली. काकांनी तिच्या पाठीवर झूल टाकली आणि मला उन्हात बसवून चहा दिला.

सोमवारी ऑफिसात लिफ्टचं दार बंद होऊ लागलं आणि मी घाईघाईने बाहेर पडले. पुढचा आठवडाभर सहा मजले जिन्यानेच चढले.