पोकळ कॅसेट आणि माझी झडती

माझी बायको गेली, त्याच उन्हाळ्यात मी बोईसरच्या एका दुकानदाराला चोर म्हणालो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, पण तो मला फार उशिरा कळला.

माझं शिक्षण चौथी. तारापूरच्या एका कारखान्याच्या गेटवर अठ्ठावीस वर्षं वॉचमन होतो, नुकताच निवृत्त झालो होतो. माणसाच्या चालीवरून डब्यात भाकरी आहे की तांब्याची तार, ते मी ओळखायचो. माझ्या मते सगळेच चोर असतात, काहींना अजून संधी मिळालेली नसते, एवढंच! (शेवंता, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "देवळात गेलात तर देवाचीबी पिशवी उघडाल तुमी.")

मे महिन्यात मुलगी सुनंदा नाशिकहून माझ्याकडे उमरोळीला आली, चार वर्षांच्या चिमीला घेऊन. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, दोन दिवस बघते. माझ्याशिवाय पोर रमली तर महिनाभर ठेवते. नाही रमली तर घेऊन जाते."

घर मला खायला उठलं होतं. भिंतीशी बोलायची वेळ आली होती. चिमी राहायलाच हवी होती.

जावयाने टीव्हीला जोडायचा गेम दिला होता, बरोबर एकच कॅसेट. लावली, तर एक दांडगा गडी दुसऱ्याला लाथांनी तुडवतोय! आणि जरा वेळाने चिमी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"आजोबा, हात वर!"

"काय?"

"हात वर कर! खिसा दाखव!"

चार वर्षांची पोर आणि बोलणं दरोडेखोराचं!

"सुनंदा, पोर बिघडली! त्या कॅसेटनं बिघडवली!"

"काहीतरीच काय, बाबा! अहो, ती तर आईबरोबर—"

"तू गप. मी बघतो काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोईसर गाठलं. भावेश नावाच्या पोरगेल्या माणसाचं दुकान होतं. त्याला सांगितलं, "लहान पोरीला शोभेल अशी कॅसेट दे. आधी लावून दाव." त्याने दुकानातल्या टीव्हीवर लावली. एक बेडूक उड्या मारत होता.

"हा काय करतो?"

"फळं खातो, काका."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे?"

"झाडाला मालक असंल ना? इचारून खातो का?"

"काका, बेडूक आहे तो!"

"म्हणून काय झालं? कुंपणावरनं उडी मारून आत गेला, मी बघितलं. दुसरी दाव."

दुसरीत मोटार होती. तीनदा आपटली, तरी पोलीस आला नाही! तिसरीत विमानातून बाँब पडत होते. माझ्यामागे गिऱ्हाइकं खोळंबली. एक कामगार वैतागून म्हणाला, "चाचा, बिटिया के लिए लड़का देखने आए हो क्या?"

सातव्या कॅसेटमध्ये एक बदकीण पिल्लांना रस्ता ओलांडून तळ्याकडे नेत होती. एखादं मागे राहिलं की थांबायची.

"पिल्लं मोजते का ही?"

"हो काका. सगळी पोचली तरच जिंकतात."

"मग बाई बरी हाय. बांध."

भावेशने कपाटातून तसलीच दुसरी, सील केलेली काढून दिली. म्हणजे दाखवली एक, दिली दुसरी! हे मी मनात टिपून ठेवलं.

बंद खोका उघडून बघितल्याशिवाय गेटच्या आत सोडायचा नाही, हा माझा जन्माचा नियम. घरी आलो, कॅसेटचे दोन्ही स्क्रू काढले. आत काय? बोटभर हिरवी पट्टी! बाकी डबी पोकळ! माल मधल्यामधे लंपास! पट्टी पुन्हा आत ठेवली, डबी बंद केली, तर एक स्क्रू उरला. तो गुपचूप सदऱ्याच्या खिशात टाकला. कॅसेट लावली, तर टीव्हीवर नुसता पांढरा उजेड. पुरावाच मिळाला!

चिमीने ओठ काढला. "मला नको हे. तू हात वर कर ना!"

"आधी चोराला धरू, मग बघू."

आत सुनंदा बॅग भरत होती. "बाबा, उद्या निघतो आम्ही." मी चिमीला उचललं आणि तडक बोईसर.

"रिकामी डबी इकतोस? पोकळ हाय ही!"

भावेशने कॅसेट उलटसुलट करून बघितली. "काका, उघडली होती का?"

"नाय!"

"मग पोकळ आहे हे कसं कळलं?"

"वाजवून. नारळ कळतो तसा."

"काका, सील तुटलंय. आणि दोन स्क्रू असतात, इथे एकच आहे. दुसरा कुठे गेला?"

माझं डोकं फिरलं. "माज्यावर आळ घेतोस? अठ्ठावीस वर्षं गेटवर व्हतो मी! घे झडती!" आणि भरल्या दुकानात मी स्वतःच दोन्ही हात वर केले.

चिमीचे डोळे चमकले. दोन दिवस जे मागत होती ते अखेर मिळालं! तिने पायजमा चाचपला, मग स्टुलावर चढून सदऱ्याच्या खिशात हात घातला.

"सापडलं! आजोबांनी लपवलं होतं!" तिने स्क्रू सगळ्यांना दाखवला. मग त्याच्याकडे बघून हिरमुसली. "आजी तर गोळी लपवायची."

भावेश हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने दुसरी कॅसेट उघडून दाखवली. तीही पोकळ. सगळ्याच पोकळ असतात म्हणे! माझी पट्टी उलटी बसली होती. त्याने ती सरळ केली, स्क्रू लावला.

घरी सुनंदा म्हणाली, "तेच सांगत होते, पण तुम्ही ऐकाल तर ना! आम्ही इथे आलेलो असलो की, तुम्ही ड्युटीवर असताना आई बाजारातून यायची आणि दारात चिमीसमोर हात वर करून उभी राहायची. 'घ्या झडती, वॉचमनसाहेब.' पदराच्या गाठीत लिमलेटची गोळी असायची. तुमचीच नक्कल होती, बाबा."

म्हणजे माझ्या पाठीमागे माझ्याच घरात एक गेट चालू होतं आणि मला पत्ता नव्हता!

सुनंदाने चिमीचे फ्रॉक बॅगेतून परत बाहेर काढले. बदकीण कपाटावर गेली ती गेलीच. महिनाभर मी रोज कोपऱ्यावरच्या दुकानात जायचो, लिमलेटची गोळी टोपीत लपवायचो आणि स्वतःच्या दारात हात वर करून उभा राहायचो.

अठ्ठावीस वर्षांत माझ्या गेटवरून कारखान्याचा एक स्क्रू बाहेर गेला नाही. आणि शेवटी स्क्रूसकट पकडला गेलो तो मीच. पकडणारी वॉचमनही अशी, की माझ्या खिशापर्यंत पोचायला तिला स्टूल लागलं!