पाठीवरचा बेल

देव ज्याला जवळ करणार असतो त्याला आधी वाकवतो, असे कीर्तनात पुष्कळदा ऐकले होते. माझ्या बाबतीत अडचण एवढीच होती की मला वाकताच येत नव्हते. कमरेतून डाव्या पायात उतरणारी कळ वर्षभर मुक्कामाला होती. अहेरीच्या शाळेत मी उभ्याने शिकवी, घरी कोनाड्यात ताट ठेवून उभ्याने जेवी आणि रात्री पालथा पडून राही. चांद्याच्या डॉक्टरांनी पट्ट्या लावल्या, वैदूने बिब्ब्याचे चटके दिले. दोघांनीही धीर धरायला सांगितले. धीर धरूनच मी थकलो होतो.

येत्या वैशाखात मुलीचे लग्न ठरले होते. कन्यादानाला बापाला पाटावर बसावे लागते आणि आमचे भटजी आटोपते घेणारे नव्हते. थोरले चुलतबंधू, मालगुजारीची जमीनदारी गेली तरी जरीचा फेटा न सोडलेले, म्हणाले, "तू काऊन फिकीर करतं? तू उभा राह्य, पाटावर मी बसतो." ते प्रेमानेच म्हणाले असतील. मुलगी चुलीपाशी होती. तव्यावरची भाकर तिने करपू दिली. तो वास मला अजून आठवतो.

शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला जायचा हट्ट पत्नीचा. नवसांवर माझा विश्वास नव्हता, आणि राख फासून बसणाऱ्या महाराजांवर तर मुळीच नव्हता. देवापुढे मी बसणार कसा, असे विचारले तर ती म्हणाली, "अवो, देवाले हात जोडाले कंबर नाई लागत." तिने गाडीत भाताचे तणस पसरले आणि मी पालथा पडून बैलांच्या शेपट्या बघत तीर्थयात्रा केली.

वैनगंगेच्या वाळूत दुकाने लागली होती. मुरमुरे विकणारी एक तेलुगू बाई मला उभ्याने खाताना बघत होती. ती जपानी लढाईच्या धामधुमीत रंगूनहून चालत परतलेली. तिथे तिच्या शेजारचा चिनी म्हातारा सुया टोचून दुखणी बरी करी आणि त्याच्याकडून तीही शिकली होती. "बसता नाई येत काय? झोपा इथी," ती म्हणाली. दुसऱ्या वेळी मी हसलो असतो. त्या दिवशी हसण्याचेही त्राण नव्हते. मी उघड्या पाठीने वाळूत पालथा झालो. तिने केसासारख्या बारीक सुया दिव्यावर धरून कमरेत आणि पोटरीत टोचल्या. "मी येईपर्यंत हलना नको," असे बजावून ती गिऱ्हाइकांकडे गेली.

हात पसरून, तोंड देवळाकडे करून पडलेला माणूस जत्रेत कोण असतो, हे कुणाला सांगावे लागत नाही. प्रथम पाठीवर बेलाचे पान पडले, मग हळदकुंकू. कुणीतरी नारळ ठेवला.

"अंगात सुया टोचून पडले बाबाजी! बोलत नाई काय?" एका म्हाताऱ्याने पत्नीला विचारले.

"बोलते, लय बोलते," ती म्हणाली. "आजच गप आहे."

आपण शाळामास्तर आहोत हे सांगायला मी तोंड उघडणार, एवढ्यात एका बाईने आपले तापलेले तान्हे मूल माझ्या पसरलेल्या हाताशी ठेवले. तिने काही मागितले नाही. नुसती वाट बघत बसली. मूल इतके तापले होते की हाताला वाळू थंड लागत होती. मी मुलाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, देवा, याचा ताप उतरू दे. आयुष्यात मी मनापासून केलेली ही पहिली प्रार्थना. तेवढा वेळ मला माझी कंबर आठवली नाही.

मुलाला घाम सुटला, असे पत्नी नंतर म्हणाली. मी ते पाहिले नाही आणि त्यावर वादही घालत नाही. मुरमुरेवाली आली, तिने बेल झटकला, सुया काढल्या आणि पैशांऐवजी तो नारळ घेतला. परतताना मी गाडीत बसलो होतो. पत्नी रस्ताभर रानाकडे तोंड करून डोळे पुसत होती.

गुण सुयांचा, वाळूच्या उबेचा की त्या मुलाच्या कपाळाचा, मला सांगता येणार नाही. कळ पुढेही अधूनमधून भेटत राहिली. शरण जाणे म्हणजे काय, यावर मी पूर्वी पुष्कळ वाचले होते. प्रत्यक्षात ते हलायची मनाई असल्यामुळे घडले, आणि तसे घडवणाऱ्याचा मी ऋणी आहे.

वैशाखात पाटावर मी बसलो. मुलीचा हात माझ्या हातात होता आणि भटजींनी एकही मंत्र गाळला नाही, याचे प्रथमच बरे वाटले. विधी संपल्यावर मला पाटावरून उठवायला चौघे लागले. त्या ओढाताणीत थोरल्या बंधूंचा फेटा सुटला.