निम्मी डिस्क

तुर्भ्याच्या आमच्या ऑफिसात सगळ्या व्हर्च्युअल सर्व्हरना एकाच मोठ्या स्टोरेजमधून डिस्क वाटून देण्याचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक खातं गरजेच्या दुप्पट जागा मागतं, कारण मी निम्मीच देते हे सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या द्रोणागिरीच्या गोदामात नवे मॅनेजर आले, तेव्हा त्यांनी तिथल्या सर्व्हरसाठी एक टीबी मागितला. मी सवयीने अर्धा दिला. दोन महिन्यांत डिस्क भरली, सर्व्हर थांबला, गेटपास निघेनात आणि कंटेनरची रांग रस्त्यावर आली.

त्यांचा फोन आला. "मॅडम, मी लागेल तेवढंच मागितलं होतं. रोज किती डेटा वाढतो, त्याची फाइलपण जोडली होती."

"सगळेच जोडतात हो."

"तुम्ही उघडली होती?"

उघडली नव्हती. डिस्क वाढवून सर्व्हर सुरू करायला मला वीस मिनिटं लागली.

ते प्रोबेशनवर होते. त्यांना काढायचं ठरलं तेव्हा मी साहेबांना सांगितलं, की चूक माझी आहे. साहेब म्हणाले, "डबल मागायला काय झालं होतं त्याला?" मी जागेवर येऊन डबा उघडला.

त्यांच्या जागी आलेल्या मॅनेजरने दोन टीबी मागितले. मी एक दिला.