तांबट थांबतो तेव्हा

इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात मी लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे. ते असं: ‘बुलढाणा जिल्ह्यात आजारी माणसाच्या अंगणातला तांबट बोलता बोलता थांबला, तर त्या माणसाचा श्वासही थांबतो, अशी समजूत आहे.’ अशी समजूत नव्हती. ती मी माझ्या घरी, दुपारच्या चहाआधी, पाच मिनिटांत तयार केली.

तांबट म्हणजे चिमणीएवढा हिरवा पक्षी. कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. भर उन्हात तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक टुक टुक करत राहतो. त्याने मान वळवली की आवाज दुसऱ्याच झाडावरून आल्यासारखा वाटतो. आणि तो मध्येच थांबतो. रोज थांबतो, कितीतरी वेळा थांबतो. माझ्या वाक्याचं वाईट ते हेच.

जमीन मोजण्याच्या नोकरीत माझी हयात गेली. निवृत्तीनंतर ज्ञानकोशाचा नाद लागला. तिथे कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, पैसा कुणाला नाही. पक्ष्यांच्या लेखांवर आम्ही चारपाच जण होतो. त्यातल्या एक दुसरबीडच्या निवृत्त नर्स. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊ. बोलणं सगळं लेखाच्या चर्चापानावर. समोरासमोर कधी भेटलो नव्हतो.

तांबटाचा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला. घरट्याचा भाग ताईंचा. दारातल्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबटाने कोरलेलं भोक त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पिलं उडून गेल्यावरही पक्षी संध्याकाळी त्याच भोकात झोपायला येतो, असं त्यांनी लिहिलं. मी ते खोडलं. ‘स्वतःचं निरीक्षण चालत नाही, छापील संदर्भ हवा,’ असा शेरा मारला. नियम तसाच होता. पण त्यांचा भाग माझ्यापेक्षा सरस उतरला होता, हेही खरं.

‘लोकसमजुती’ हा रकाना रिकामा होता. तो माझ्याकडे होता. तिथे मी ते वाक्य लिहिलं.

ताईंनी चर्चापानावर एकच शब्द टाकला: ‘संदर्भ?’

‘वडनेर भोलजीला मोजणीला गेलो असताना एका म्हाताऱ्याने सांगितलं,’ असं मी लिहिलं. असा म्हातारा कुणी नव्हता.

‘मग ठीक. तुम्ही गावोगाव फिरलेले,’ त्यांचं उत्तर आलं. जो नियम मी त्यांना लावला, तो त्यांनी मला लावला नाही.

पुढे एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत कुणीतरी ते वाक्य जसंच्या तसं उचललं. मग कुण्या स्वयंसेवकाने तीच पुरवणी माझ्या वाक्याला संदर्भ म्हणून जोडली. वाक्याच्या शेवटी संदर्भाचा लहानसा आकडा आला. मी पाहिलं आणि गप्प बसलो.

दोनेक वर्षांनी धाड गावच्या बाजारात वांगी घेत होतो. भाजीवाली शेजारणीला सांगत होती, “तांबट थांबला, अन् इकडं बुढ्यानं मान टाकली. पाणी पाजाले बी येळ नाही भेटला.”

माझ्या हातातलं वांगं हातातच राहिलं. “हे कुणी सांगितलं तुम्हाला?” मी विचारलं.

“सांगा काऊन लागते? पहिल्यापासूनच हाये ते,” ती म्हणाली. “माही आजी सांगे. तुम्ही कोन्त्या गावचे जी बाप्पा, एवढं माहीत नाही?”

तिची आजी वारली तेव्हा मी ते वाक्य लिहिलेलंही नसणार. वांगी तिथेच ठेवून मी निघालो.

घरी येऊन वाक्य काढून टाकलं. तासाभरात ते परत आलं. खाली शेरा होता: ‘ससंदर्भ मजकूर काढू नये.’ तीनदा काढलं, तीनदा आलं. ‘हे मीच रचलं होतं,’ असं लिहिलं, तर कुणीतरी नम्रपणे विचारलं, ‘याला संदर्भ?’

मग या उन्हाळ्यात कळलं, ताई आजारी आहेत. एसटीने दुसरबीडला गेलो. “जय भीम, ताई,” म्हणालो. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खिडकीबाहेर तो शेवगा, आणि शेवग्यावर टुक टुक टुक. त्यांच्या उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर होती. त्या स्वतःची नाडी धरून बसल्या होत्या.

“दिवसभर अशाच बसतात,” सून हळूच म्हणाली. “जेवण नाही, झोप नाही. आमच्या घरात असलं कोणी मानत नाही, काका. आत्याबाईंनी तर लोकांचे गंडेदोरे तोडले. आता ह्यांनी तो शेवगा तोडायचं म्हटलं, तर तोडू बी देत नाहीत.”

मी खाटेजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. म्हातारा नव्हता, समजूत नव्हती, मी रचलं. ताईंनी शांतपणे ऐकलं आणि त्या हसल्या.

“भाऊ, तुम्ही मले धीर द्याले आले. म्हणून खोटं बोलून राह्यले.”

“खोटं तेव्हा बोललो होतो, ताई. आता खरं सांगतो आहे.”

“संदर्भ?”

“मीच संदर्भ.”

“तसं नाही चालत. तुमचाच नियम हाये. छापून आना, मग मानतो.”

थट्टाच होती ती. पण मनगटावरची बोटं सुटली नव्हती.

आणि त्याच वेळी तांबट थांबला. सुनेच्या हातातली बशी तशीच राहिली. ताईंनी डोळे मिटले. खोलीत काही हलेना. बऱ्याच वेळाने टुक झालं, शेवग्यावरून नव्हे, कुठूनतरी मागून आल्यासारखं. ताईंनी श्वास सोडला. तेव्हा लक्षात आलं, मीही रोखून धरला होता. ज्याने ते वाक्य रचलं, त्यानेही.

म्हणून हे लिहिलं, आणि छापायला देतो आहे. छापून आलं की अंक घेऊन दुसरबीडला जाईन, त्यांच्या हातात देईन. जमल्यास कुणीतरी ज्ञानकोशातही हा संदर्भ जोडावा. आणि तांबट जुन्या भोकात झोपायला येतो, हे ताईंनी पाहिलेलं आहे. त्यालाही आता हा छापील संदर्भ झाला.

काल दुपारी त्यांना फोन केला. सुनेने फोन त्यांच्या कानाला लावला. मागे टुक टुक चाललं होतं. मी तब्येत विचारली. उत्तर यायच्या आतच मागचं टुक टुक थांबलं.

“ताई?”

काही नाही.

“ताई?”

“हाये बाप्पा, इथंच हाये,” त्या म्हणाल्या. आवाज फार लांबून आल्यासारखा होता. “छापलं का?”