एक हात बाकी शे

केस संपली की कागद लाल फडक्यात बांधून माळ्यावर जातात. किस्से मात्र माळ्यावर जायला तयार नसतात. ते ऑफिसातच घुटमळतात, चहा आला की कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडतात आणि दर वेळी थोडे जाड होऊन परत जागेवर जाऊन बसतात. धुळ्याला कोर्टामागच्या गल्लीत आमचं ऑफिस. नाना, म्हणजे आमचे सीनियर. सोनवणेभाऊ, म्हणजे कारकून. आणि मी, चाळिशी ओलांडलेली ज्युनिअर! एवढ्या तीन माणसांत इतके किस्से साठलेत की नाना म्हणतात, "बाई, यांच्यासाठी आता वेगळी खोली भाड्याने घ्या!"

सगळे नाही सांगत. जुलेखाबीचे तेवढे सांगते.

*

पण त्याआधी माझी बढाई. पुण्याला लॉ कॉलेजात मी इंटरनॅशनल लॉमध्ये पहिली आले होते! धुळ्यात या विद्येला गिऱ्हाईक कुठलं? इथे बांध, विहिरी आणि पाटाचं पाणी.

तरी माझी खुमखुमी जात नव्हती. शिंदखेड्याकडच्या दोन चुलतभावांचा नाल्यावरून वाद होता. पुरात नाल्याने पात्र बदललं आणि एकाची जमीन दुसऱ्याच्या काठाला गेली. मी उभी राहिले आणि सांगायला लागले, की दोन राष्ट्रांच्या मधली नदी हळूहळू सरकली तर सरहद्द तिच्याबरोबर सरकते, एकदम सरकली तर सरहद्द जागच्या जागी राहते. युरोपातल्या दोनतीन नद्या त्या दिवशी मी धुळ्याच्या कोर्टात आणून सोडल्या!

जजसाहेबांनी चष्मा काढला.

"बाई, यातलं राष्ट्र कोणतं? वादी, की प्रतिवादी?"

सगळं कोर्ट हसलं. दावा आम्ही हरलो. पण माझा अशील काय रुबाबात पायऱ्या उतरला! म्हणतो, "हरलो तर हरलो बाई, पन राष्ट्र तं झालो!"

*

अशी मी वाट बघत बसलेली, आणि एके दिवशी खरंखुरं आंतरराष्ट्रीय प्रकरण डोक्यावर टोपली घेऊन ऑफिसच्या दारात आलं.

सोनवणेभाऊ म्हणाले, "बाई, बांगडीवाली आलीय. घरी पाठवू का?"

"बांगड्या भराले नही आली मी," जुलेखाबी म्हणाली. टोपली खाली ठेवली आणि पदरातून एक नोटीस काढली. "माले देसबाहेर काढी राह्यनात."

जुलेखाबीला सगळं धुळं ओळखतं. जन्म पारोळ्याचा, किल्ल्याजवळच्या गल्लीतला. बाप मणियार, पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचाच धंदा. फाळणी झाली त्या सुमाराला हिचं लग्न झालं आणि नवरा तिला कराचीला घेऊन गेला. काही वर्षांत तो वारला. मूलबाळ नाही. ही धुळ्याला भावाकडे परत आली, ती तिकडच्या पासपोर्टवर, कारण दुसरा पासपोर्ट तिला देणार कोण? दर साली राहायची मुदत वाढवून मिळायची. पासष्टची लढाई झाली आणि मुदत वाढायची थांबली. आता नोटीस आली होती, देश सोडा.

मी विचारलं, "कराचीला कुणी आहे का तुमचं?"

"एक कबर शे," ती म्हणाली. "बस."

माझा हात आपोआप कपाटातल्या जाडजूड पुस्तकाकडे गेला. नाना हळूच म्हणाले, "बाई, तोंडावरचं हसू आवरा. अशील रडतंय."

मी एकदम गंभीर झाले. म्हटलं, "जुलेखाबी, तुम्हाला मी कुठेही जाऊ देणार नाही!"

तिने डोळे पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि नानांकडे बोट दाखवून विचारलं, "तुम्ही, का हाऊ मोठा वकील?"

*

ती परदेशी, म्हणून तिच्यावर पोलिसांची नजर हवी. दर सोमवारी स्टेशनात हजेरी. नजर ठेवायचं काम पाटील हवालदाराकडे होतं, आणि तो ते इतकं मनापासून करायचा की नाल्याला पाणी असलं की तिची टोपलीसुद्धा स्वतःच पलीकडे न्यायचा!

सोमवारी जुलेखाबी येणार हे पोलीस लाइनीतल्या बायकांना ठाऊक. हजेरी लागली की स्टेशनच्या व्हरांड्यात बांगड्यांच्या दोऱ्या सुटायच्या. एका बाजूला चोर, दुसऱ्या बाजूला बायका, आणि मध्ये परदेशी नागरिक!

देश सोडायची नोटीस तिला द्यायला हाच पाटील गेला होता. खूप वेळ दारात उभा राहिला म्हणे. मग कागद पुढे केला.

"मावशी, इथे अंगठा द्या."

तिने दिला. पाटलाने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला, "आणि आमच्या हिचं माप आहे ना तुमच्या ध्यानात? दोन डझन हिरव्या लागतील. जायच्या आधी."

*

मी आता हट्टाला पेटले. मानवी हक्कांचा जाहीरनामा माझ्याकडे होता, त्याचं रात्री जागून मराठी केलं. प्रत्येक माणसाला नागरिकत्वाचा हक्क आहे. प्रत्येकाला आपला देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परत येण्याचा हक्क आहे. माझे मलाच काटे आले अंगावर!

आधी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना त्यातलं विश्रांतीच्या हक्काचं कलम फार आवडलं. "पुन्हा वाच बरं," म्हणाल्या. वाचलं. "चांगलं आहे हो. तू पोळ्यांचं बघ, मी हा हक्क बजावते!"

मग सरकारी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी सगळी कलमं शांतपणे ऐकली.

"उत्तम आहे. यावर सही कुणाची?"

"जगातल्या देशांची!"

"आपल्या जिल्ह्यातलं कुणी नाही ना?" ते म्हणाले. "मग आवकला देऊन जा."

शेवटी महिला मंडळात भाषण ठेवलं. बायका आल्या, कारण चिवडा होता. पहिल्या रांगेत साताऱ्याकडून नव्याने बदलून आलेल्या फौजदारांची बायको बसली होती. पहिलटकरीण, जडावलेली. माझ्या दुसऱ्याच वाक्याला तिचे डोळे मिटले. पुढचं सगळं भाषण मी त्या झोपलेल्या बाईकडे बघून केलं, कारण बाकीच्या चिवड्याच्या परातीकडे बघत होत्या.

मी संपवलं. "कुणाला काही विचारायचंय?"

फौजदारीणबाईंनी एक डोळा उघडला.

"म्हणजे बाईला आपल्या देशात परत यायलासुद्धा परवानगी लागते?"

"लागते."

"माहेरी यायलासुद्धा?"

"लागते."

"हं," म्हणाली, आणि चिवड्याची बशी पुढे ओढली. आमच्या मंडळात मानवी हक्कांवर झालेली एकूण चर्चा ती एवढीच!

*

दावा लावला. म्हणणं सोपं होतं. जुलेखाबी परदेशी झाली की नाही, हे दिल्लीने ठरवायचं. दिल्लीने ठरवेपर्यंत पोलिसांनी तिला हलवायचं नाही, असा मनाई हुकूम द्या.

सरकारी वकील उठले. लग्नानंतर बायको नवऱ्याच्या मागे जाते, नवऱ्याचा देश तोच तिचा देश, वगैरे वगैरे. मग जुलेखाबीला विचारलं, "तुम्ही कराचीला आपल्या खुशीने गेलात ना?"

"नवरा लई ग्या."

"पण गेलात ना? मग तुम्ही तिकडच्याच!"

जुलेखाबीने जरा विचार केला.

"साहेब, तुमनी बायको कोठली शे?"

"त्याचा काय संबंध?" वकील म्हणाले. पण जजसाहेबांनाच उत्सुकता! "सांगा हो."

"भुसावळची."

"मंग तिले माहेरले जाऊ देतस का नही?"

सरकारी वकील खाली बसले. त्यांची बायको त्याच आठवड्यात भुसावळला गेलेली होती, आणि भांडून गेलेली होती, हे धुळ्यात सगळ्यांना माहीत होतं!

बाहेर आल्यावर मी तावातावाने नानांना म्हटलं, "नवऱ्याबरोबर बाईचा देश जातो, तर नवरा गेल्यावर तो परत का येत नाही?"

नाना पानाला चुना लावत होते. म्हणाले, "बाई, जाताना कायदा तिला हात धरून घेऊन जातो. येताना म्हणतो, ये तुझी तू."

*

जजसाहेबांनी निकाल ठेवला सोमवारी दुपारी. आणि नोटिशीची मुदत संपत होती त्याच सोमवारी!

मी फौजदारांकडे गेले. सरळ, कडक माणूस. टेबलावर काडेपेटीसुद्धा काटकोनात ठेवलेली.

"दुपारपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"मनाई हुकूम दाखवा, थांबतो. नसेल, तर चाळीसगावची गाडी, आणि तिथून पुढे सरहद्दीपर्यंत माझा शिपाई सोबत."

"अहो, पण माणुसकी म्हणून..."

"बाई, माणुसकीचा मला लेखी आदेश नाही."

सोमवारी नाना म्हणाले, "कोर्टात मी उभा राहतो. तुम्ही जुलेखाबीकडे जा. फौजदार आले तर काहीतरी आंतरराष्ट्रीय बोलत राहा."

मी पुस्तक काखोटीला मारून गेले. म्हटलं, दारात आडवी पडेन, पण तिला नेऊ देणार नाही! मी आडवी पडले असते तर दार खरोखरच बंद झालं असतं, माझी अंगकाठी तशी आहे.

दार उघडलं तर आत फौजदारीणबाई! पाटावर ऐसपैस बसलेल्या. आपल्या जुन्या बांगड्या उतरवून बाजूला ठेवलेल्या, डावा हात हिरव्यागार चुड्याने भरलेला, उजवा मोकळा. आणि तो मोकळा हात जुलेखाबीच्या हातात. जुलेखाबीचं गाठोडं कोपऱ्यात बांधून तयार होतं.

मी काही विचारणार, तेवढ्यात बाहेर जीप थांबली. फौजदार आणि मागे पाटील हवालदार.

फौजदार उंबऱ्यावरच थबकले. बायकोकडे पाहिलं.

"हे काय?"

"डोहाळजेवणाच्या बांगड्या भरतेय," बाई शांतपणे म्हणाल्या.

फौजदारांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग घड्याळ पाहिलं.

"साहेब," जुलेखाबी मान वर न करता म्हणाली, "एक हात बाकी शे."

आता भरल्या ओटीच्या बाईचा एक हात भुंडा ठेवून उठवायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं? पाटलाने घाईघाईने तोंड फिरवलं. "साहेब, भुंडा हात नको. अवलक्षण असतं." फौजदार वळले. बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी आंतरराष्ट्रीय बोलायला तोंड उघडलं. जुलेखाबी म्हणाली, "वकीलबाई, तुम्ही गप बसा. हात हालस."

जुलेखाबी डझनभर बांगड्या डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चढवते, हे मी स्वतः अनुभवलंय. त्या दिवशी एक बांगडी मनगटावरून जायला चाळीसगाव गाठण्याएवढा वेळ! आधी हात चोळला. मग माप लहान झालं. मग मोठं झालं. मग फौजदारीणबाईंना हिरव्यातला हिरवा पटेना. "ही पोपटी दिसते. ती दाखवा." ती दाखवली. "नको, पहिलीच बरी होती."

ओट्यावरून एकदा आवाज आला, "झालं का?"

"होतंय हो!" बाई ओरडल्या. "मला दुखतंय, घाई करू नका!"

फौजदार पुन्हा घड्याळ बघत बसले. रेल्वे स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. फौजदार उठून उभे राहिले. त्यांनी कमरेचा पट्टा सारखा केला आणि परत खाली बसले.

गाडी गेली.

तिच्या मागोमाग सोनवणेभाऊ! सायकल गल्लीत टाकली, धापा टाकत आले आणि मनाई हुकमाची नक्कल पुढे केली. फौजदारांनी ती दोनदा वाचली, शाई वाळलीय का ते बोटाने पाहिलं, आणि उंबऱ्यात येऊन म्हणाले, "पुढच्या सोमवारी हजेरीला यायचं. वेळेवर."

"येसू ना साहेब," जुलेखाबी म्हणाली, आणि उरलेल्या सगळ्या बांगड्या एका दमात सरसर चढवून मोकळी झाली!

मग कोपऱ्यातलं गाठोडं सोडायला लागली.

फौजदारीणबाई माझ्या आधाराने उठल्या. पदर डोक्यावरून घेतला, आणि बांगड्या भरून झाल्यावर करतात तसा जुलेखाबीला वाकून नमस्कार केला. नवऱ्यासमोर, हवालदारासमोर, अख्ख्या गल्लीसमोर.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "डोहाळजेवणाला आम्हाला बोलवा हं. विसरू नका."

बाईंनी बाजूला काढलेल्या जुन्या बांगड्या उचलल्या. त्यासुद्धा हिरव्याच होत्या, अगदी कोऱ्या.

"अहो, ते गेल्या गुरुवारीच झालं की!" त्या म्हणाल्या. "उरलेल्या करंज्या ह्यांनीच तर स्टेशनात वाटल्या."

मी बाहेर पाहिलं. फौजदार जीपमध्ये बसत होते. पाटील हवालदार मिशा पुसत म्हणाला, "सारण फार छान होतं, वहिनीसाहेब!"