कॉफीत विष कुणी घातलं

कुवेतमध्ये टीव्ही नवीन आला तेव्हा मी एका व्यापाऱ्याच्या घरी बबर्ची होतो. साठ साल उलटून गेलं होतं. मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. शाळेत दोन इयत्ता शिकलो, तिसरीत मास्तरांशी पटलं नाही. पण शंभर माणसांचा भात नुसत्या वासावर उतरवतो, चाखून बघत नाही. माझा बाप लग्नातला भटारी. त्याचा नियम होता, शिजवणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. पाहुणे उठायच्या आधी ज्याने तोंडात घास घातला तो भटारी नव्हे, उंदीर. हा नियम मी समुद्र ओलांडून बरोबर आणला होता.

घरात शेठ, त्याची बायको-मुलं आणि शेठची म्हातारी आई. तिला सगळे यम्मा म्हणत, मीही म्हणे. शेठ तरुणपणी मुंबईत बापाच्या पेढीवर राहिलेला, म्हणून माझ्याशी हिंदीत बोलायचा. यम्माला फक्त अरबी, ती मला ऐकून कळायची, बोलता येत नसे. तिचं-माझं बोलणं मासळीवरून चालायचं. पापलेट मनासारखं झालं की ती चाटूनपुसून साफ केलेला काटा उचलून मला दाखवायची. तेवढी शाबासकी मला पुरे होती.

मिसरहून, म्हणजे इजिप्तहून, आलेली खुनाची एक मालिका तेव्हा लागायची. आठवड्यातून एकदा, सूर्य मावळल्यावर, मगरिबच्या नमाजानंतर. सारं शहर तिच्यामागे वेडं. फहाहीलच्या बाजारात मासळीवाले हातात मासा धरून तीच चर्चा करायचे, आणि गिऱ्हाईक उभं ते उभंच. मी तोवर पाहिली नव्हती. चित्रातली माणसं बघून पोट भरतं का, असं म्हणायचो. त्या दिवशी चहाचं तबक घेऊन गेलो आणि दारातच खिळलो.

पडद्यावर मोठं घर. एक म्हातारा जमीनदार खुर्चीत बसलेला. त्याचा बबर्ची कॉफी आणून ठेवतो. बोलणं नाही, गाणं नाही, नुसती घड्याळाची टिकटिक. म्हातारा पेला उचलतो, खाली ठेवतो, पुन्हा उचलतो. माझ्या तबकातले पेले वाजायला लागले. शेठने मागे न बघता ‘श्श’ केलं. म्हातारा कॉफी प्याला. पेला हातातून पडला, मान कलली. मग चित्र सरकत सरकत त्या बबर्चीच्या तोंडाशी आलं. जाडा, मिशीवाला, खांद्यावर फडकं. आणि तिथेच त्या लोकांनी गोष्ट पुढच्या आठवड्यावर टाकली.

यम्माने मान वळवली. आधी माझ्या मिशीकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या फडक्याकडे, मग चहाकडे. चहा तिने घेतला नाही.

जेवणाचं ताट तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशीही. पापलेटला बोटसुद्धा लागलेलं नाही. यम्मा स्वतः डब्यातून काढलेले खजूर आणि ताक, एवढ्यावर राहू लागली. टीव्हीत घडतं ते कुठेतरी खरंच घडलंय असं तिला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तसंच वाटायचं.

शेठचा ड्रायव्हर रायगडकडचा. त्याला आयतीच मौज.

“काय भाय, आज कोणाचा नंबर?”

“तुझाच. चहा पी.”

“नको बाबा, मला घरी पोरंबाळं आहेत.”

तिसऱ्या दिवशी शेठ स्वयंपाकघरात आला. एरवी तो तिथे पाय ठेवत नसे.

“तिच्यासमोर एक घास खा. तुझं काय जातं?”

“माझं सगळं जातं, शेठ. इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंत. कोण मेलं?”

“मला ठाऊक आहे रे. पण आई आहे माझी. खजुरावर किती दिवस काढील?” तो दारापर्यंत जाऊन वळला. “पुढचा भाग होऊ दे. त्यात बबर्चीच खुनी निघाला, तर तिच्या मनातलं जायचं नाही. मग तू वफ्र्याला जा. तिथे आपल्या बागेतल्या मजुरांना डाळ-भात घाल.”

वफ्रा म्हणजे वाळू, खजुराची झाडं आणि पिंपात शिजणारी डाळ. मासळी नाही, ताट नाही, काटा उचलून दाखवणारं कोणी नाही. मी “बरं” म्हटलं आणि कांदा चिरायला घेतला.

ड्रायव्हरने त्या संध्याकाळी मस्करी सोडली. “खा की एक घास, भाय. घासाने काय मान खाली जाते?”

“उद्या शेठ म्हणाला, आधी तू एकटा गाडी भिंतीवर आपटून दाखव, मग मी बसतो, तर दाखवशील?”

त्याने गाडीच्या किल्ल्या बोटाभोवती फिरवल्या. मग म्हणाला, “वफ्र्याला तुला सोडायला मलाच यावं लागणार.”

आठवडाभर मी रोज यम्मासाठी पापलेट केलं. रोज परत आलं. तिच्या गालाची हाडं दिसायला लागली. पण घास नाही खाल्ला. ज्या दिवशी खाल्ला असता, त्या दिवशी आपल्यावर संशय घ्यायला जागा आहे असं मीच कबूल केलं असतं.

पुढच्या भागाला मी पुन्हा दारात. या वेळी तबक नाही, हात मोकळे ठेवले होते. पोलीस आले. बबर्ची त्यांच्या पाया पडला, रडला, आणि मागच्या दाराने पळत सुटला.

“पळू नको, गाढवा!” मी मराठीत ओरडलो. सगळ्यांनी वळून पाहिलं.

त्याला धरून आणला. मला वफ्र्याची वाळू डोळ्यांसमोर दिसली. पण त्या इन्स्पेक्टरने त्याला बेड्या घातल्या नाहीत. सगळ्या घराला टेबलाभोवती बसवलं आणि त्याच बबर्चीला म्हाताऱ्याच्या डब्यातली कॉफी करायला लावली. सात-आठ पेले. सगळे इन्स्पेक्टरच्या धाकाने प्याले. एक पेला तसाच राहिला. इन्स्पेक्टर त्या पेल्याकडे बघत राहिला, आणि ज्याच्यापुढे तो होता त्याच्या कपाळावर घाम आला. जमीनदाराचा मुलगा. बापानंतर सगळं त्यालाच मिळणार होतं. विष त्या डब्यात होतं हे त्या खोलीत त्यालाच ठाऊक होतं, आणि इन्स्पेक्टरने डबा आधीच बदललाय हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला पिववेना.

शेठने मांडीवर थाप मारली. “बघ यम्मा! बबर्ची सुटला!”

यम्मा माझ्याकडे बघतच नव्हती. ती शेठकडे बघत होती. बराच वेळ. मग मला म्हणाली, “जेवण आण.”

मी ताट आणून तिच्यापुढे ठेवलं. तिने ते दोन्ही हातांनी मुलाकडे सरकवलं.

“आधी तू खा.”

शेठ हसला. ती हसली नाही. घरातलं कोणीच हसलं नाही, तेव्हा त्याचंही हसू मावळलं. त्याने पापलेटचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. यम्मा त्याच्या गळ्याकडे टक लावून होती, आणि दारातून मीही. त्याने गिळलं. तिने थोडं थांबून पाहिलं, मग ताट ओढून घेतलं आणि आठवड्याची भूक भरून काढत जेवली. शेवटी काटा उचलून मला दाखवला.

ड्रायव्हर बाहेर गाडीपाशी वाट बघत होता. त्याला वाढलं. घरातलं शेवटचं माणूस हात धुऊन उठलं. मग मी माझं ताट घेतलं.